'व्हाइट ख्रिसमस' या इंग्रजी नाताळगीताचं जुनं रेकॉर्डिंग ऐकावं की नवं?

माझं मत जुन्यालाच. पण अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीचं जे आपण नेहमी ऐकतो ते बहुतेक वेळा १९४२चं मूळ रेकॉर्डिंग नसतंच. प्रती काढून काढून त्याची मास्टर (जिच्यावरून तबकड्या काढतात ती मूळ प्रत) झिजली, म्हणून १९४७ साली त्याच वाद्यवृंदासोबत गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. दोन्ही लागोपाठ ऐका.

मायकल बुब्ले आणि शानाया ट्वेनचं २०११चं युगुलगीत 'नवं' म्हणून ओळखलं जातं खरं, पण त्याची धाटणी 'द ड्रिफ्टर्स' या गायकसमूहाच्या १९५४च्या रेकॉर्डिंगवरून घेतलेली. आवाज स्वच्छ, गाणं मस्त उडतं. फक्त क्रॉस्बीच्या खर्जातली घराची ओढ त्यात सापडत नाही. पार्टीत मात्र मीही बुब्लेच लावतो!