घरच्या जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकावर कसा उतरवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट आहेत, बोलणं दबकं ऐकू येतं, आणि संगणकाला थेट जोडायचा छोटा यूएसबी प्लेयर घ्यावा का?

प्लेयरचं आधी सांगतो. घेऊ नका. त्यातली मोटर आणि फिरकी इतकी हलकी असते की लांबवलेला स्वर थरथरतो, आणि ती थरथर मागाहून नीट काढता येत नाही. चालू स्थितीतला जुना टेप डेक मिळवा, मागे लाइन-आउट (आवाज बाहेर देणारं छिद्र) असलेला. ज्या यंत्रावर मूळ रेकॉर्डिंग झालं तेच घरात असेल आणि चालत असेल, तर पहिला मान त्याचा.

आता दबक्या आवाजाविषयी. बहुतेक वेळा टेप खराब झालेली नसते, ती नीट वाचली जात नसते. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडण्याआधी चार गोष्टी तपासा.

डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर दाबणाऱ्या सोयीचं, बटण बंद आहे ना? साध्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला डॉल्बी नसतो. तो चालू राहिला तर वरचे स्वर कापले जातात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. टेपचा प्रकार निवडायचं बटण असेल तर साध्या कॅसेटसाठी ते नॉर्मलवरच ठेवा.

मग सफाई. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (९० टक्क्यांच्या वरचं) किंचित बुडवा आणि हेड (पट्टी वाचणारा भाग), त्याच्याजवळचे गाइड (पट्टीला सरळ ठेवणारे खुंट) आणि टेप ओढणारा पोलादी दांडा पुसा. कापसावर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला अल्कोहोल लावू नका, रबर कोरडं पडतं. त्याला पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पुरे. सगळं वाळायला दहा मिनिटं द्या.

कॅसेटकडेही बघा. पट्टी उघडी दिसते त्या कडेच्या मधोमध, पट्टीच्या मागे, पितळी पातीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो. तो पट्टीला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुटून तो पडला की आवाज बारीक होतो आणि येत-जात राहतो. अशा वेळी पाच स्क्रूचं कवच मिळवून दोन्ही रिळं त्यात हलवणं सोपं पडतं. आणि कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी मागच्या कडेवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या खिट्या तोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर दुसरी प्रत नाही!

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते: हेडचा कल, म्हणजे अ‍ॅझिमथ. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे १०,००० हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट पट्टीवर जेमतेम ४.७६ मायक्रॉन जागा घेते. स्टिरिओ हेड वाचतं तो पट्टा साधारण ०.६ मिलिमीटर रुंद असतो. हेड अर्ध्या अंशापेक्षा कमी कललं, तरी पट्ट्याचं एक टोक लाटेचा चढ वाचतं तेव्हा दुसरं टोक उतार वाचत असतं, आणि स्वर आपल्याआपणच पुसला जातो. मूळ रेकॉर्डरचं हेड जितकं तिरपं होतं तितकंच तुमच्या डेकचं हवं. म्हणूनच मूळ यंत्राला पहिला मान.

दुरुस्ती हातानेच होते. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतील. ज्याच्याखाली बारीक स्प्रिंग आहे, आणि बहुधा रंगाचा थेंब लावून बसवलेला आहे, तो फिरवायचा. स्क्रू ड्रायव्हर चुंबकीय टोकाचा नको. कॅसेट चालू ठेवून हेडफोन लावा आणि बोलण्यातल्या ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांकडे कान द्या. स्क्रू एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांइतकाच फिरवा. एका बाजूला ‘स’ बोथट होत जाईल, दुसऱ्या बाजूला धारदार. धार सर्वांत जास्त येऊन पुन्हा कमी व्हायला लागली की किंचित मागे या. मूळ जागेपासून पाव फेऱ्यापेक्षा जास्त जायची वेळ आली तर चुकीचा स्क्रू धरला आहे असं समजा. सुरुवातीची जागा पेनाने खुणावून ठेवा. वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या कॅसेट असतील तर प्रत्येकीसाठी हे पुन्हा करावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण पुसला गेलेला ‘स’ कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

रेकॉर्डिंगआधी कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. ९० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी ६० मिनिटांच्या पट्टीपेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा. ढील दिसली तर पेन्सिलीने आवळून घ्या.

लाइन-आउटपासून संगणकापर्यंत लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज संगणकाला कळेल असा बदलून देणारी छोटी पेटी) वापरा. लॅपटॉपचं माइकचं छिद्र नको, ते सहसा मोनो (एकाच चॅनलचं) असतं आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे डेकचा आवाज त्यात फाटतो. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. ४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा. शून्याला टेकला की लाटेचं टोक कापलं जातं. पातळी थोडी कमी राहिली तर काही बिघडत नाही. सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बरेचदा तेवढ्यानेच जातो. एक तास साधारण १ गिगाबाइटच्या आसपास भरतो.

न छेडलेली प्रत फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता जागा वाचवणारा फाइलचा प्रकार) जतन करा आणि पुढचं सगळं तिच्या नकलेवर करा. मूळ रेकॉर्डिंग मोनो असेल तर दोन्ही चॅनल एकत्र केल्याने खरखर थोडी कमी होते, पण अ‍ॅझिमथ बरोबर असेल तरच. नाही तर आवाज उलट आणखी दबतो. मग ज्या चॅनलमध्ये बोलणं स्वच्छ आहे तो एकच ठेवा.

खरखर काढताना, कोणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल (नुसत्या खरखरीचा नमुना) घ्या आणि पूर्ण रेकॉर्डिंगवर ६ ते ८ डेसिबलच लावा. त्यापुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळतो आणि श्वास, हसण्याची सुरुवात, मागे हललेली खुर्ची, सगळं नाहीसं होतं. घरच्या कॅसेटमध्ये तेही हवंच असतं, असं माझं मत आहे.

पट्टीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळी ठेवा, डेकमध्ये घालूच नका. हेडवरून ती पुढच्या कॅसेटवर जाते. डेकचं मॉडेल कळवलंत तर फिरवायचा स्क्रू कोणता ते नेमकं सांगता येईल.