डिलिव्हरी नाशिकला की यूकेला? सविस्तर उत्तर देते

अगं, तू विचारलंयस की नवऱ्याला यूकेत जॉब लागलाय, तुला तिसरा महिना सुरू आहे आणि तिकडे बाहेरून आलेल्या बायकांची बाळं कमी वजनाची होतात असं वाचलंयस, तर गंगापूर रोडला आईकडेच राहून डिलिव्हरी करून मग जावं का. मी नाशिकच्याच सिडकोची, दोन्ही बाळंतपणं इंग्लंडमध्ये लेस्टरला झाली, म्हणून जरा लांबण लावते.

"बाहेरून आलेल्या" म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेत इलिनॉयमधला एक अभ्यास 1997 ला छापून आला होता, त्यात तिथेच जन्मलेल्या काळ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन 3089 ग्रॅम निघालं आणि आफ्रिकेतून आलेल्यांच्या बाळांचं 3333, गोऱ्यांचं 3446. म्हणजे तिथल्या काळ्या आयांत बाहेरून आलेल्याच सरस. आपलं तसं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये भारतातून गेलेली आई घे नाहीतर तिथेच जन्मलेली भारतीय वंशाची, बाळं गोऱ्यांपेक्षा हलकीच भरतात, पिढी बदलून फारसा फरक पडलेला नाही. आणि आपल्याकडे तरी काय, 2019-21 च्या सरकारी सर्व्हेत 100 मागे 18 बाळं अडीच किलोच्या आत होती. तेव्हा नाशिकला थांबलीस म्हणून बाळाचं वजन वाढेल असं काही नाही.

जपायचं ते शुगरला. आपल्या बायकांना गरोदरपणात डायबेटिस होण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे भारतीय म्हटलं की तिकडे 24 ते 28 आठवड्यांत जीटीटी, म्हणजे ग्लुकोज पाजून शुगर बघायची टेस्ट, सांगतात. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास तिथेच बसून परत रक्त, मळमळतं पण उलटी झाली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून हळूहळू पी. आईला म्हणावं डिंकाचे लाडू आत्ता नकोत, बाळंतपणानंतर दे.

दुसरं म्हणजे बाळाची हालचाल. तिकडे राहणाऱ्या आपल्या बायकांमध्ये पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण तिथल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे, हे त्यांच्याच आकड्यांत वर्षानुवर्षं दिसतंय. घाबरवत नाहीये, पण हालचाल कमी वाटली तर "रात्र झालीये, उद्या बघू, उगाच कशाला त्रास द्यायचा" हा आपला भिडस्तपणा अजिबात नको, लगेच मॅटर्निटी युनिटला फोन लाव. तिकडे सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर क्वचितच भेटतो, मिडवाइफच (बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली सुईण) बघते, दर व्हिजिटला टेपने पोट मोजून बाळाच्या वाढीच्या चार्टवर ठिपका काढते. नाशिकसारखी दर महिन्याला सोनोग्राफी नाही, 12 आणि 20 आठवड्यांची दोनच, म्हणून तो ठिपका कुठे चाललाय ते तू स्वतः विचारत जा. इंग्रजी अडलं तर इंटरप्रिटर माग, फुकट असतो, नवऱ्याला मध्ये घालू नकोस, काही गोष्टी त्याच्यासमोर बोलवत नाहीत.

माझं स्पष्ट मत, यायचं तर पाचव्या महिन्याच्या आत ये. सातव्या-आठव्यात येऊन धावपळ करण्यापेक्षा मग नाशिकलाच थांबलेलं बरं, शिवाय 28 आठवड्यांनंतर बहुतेक एअरलाइन्स डॉक्टरचं पत्र मागतात. उतरल्या उतरल्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाल, मिडवाइफची पहिली अपॉइंटमेंट खरं तर 10 आठवड्यांपर्यंत होते, तू आधीच लेट आहेस, तर नाशिकचे सगळे रिपोर्ट फाइल करून हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनला टाकू नकोस. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीची फी, भरलाय ना, 2024 पासून मोठ्या माणसाला वर्षाला 1035 पाउंड, तो भरला की डिलिव्हरीचं वेगळं बिल येत नाही. आणि हो, बाळ तिथे जन्मलं म्हणून ब्रिटिश पासपोर्ट मिळत नाही, तो नियम 1983 लाच बदललाय, त्या आशेने कोणी सल्ला देत असेल तर सोडून दे.

आईला व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, तिला ड्यू डेटच्या दोन-तीन आठवडे आधी बोलव, फार आधी नको, नाहीतर तुला खरी गरज असेल तेव्हाच तिची परत जायची वेळ येईल.