दुबईच्या हिशेबात ताईंचा पगार कुठे आहे?

प्रश्न: मी तासगावचा, खासगी कंपनीत इंजिनिअर. दुबईत महिना १४,००० दिरहमची नोकरी मिळाली आहे. पत्नी १४ वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगी दहावीत. तिला डॉक्टर व्हायचंय. जूनमध्ये सगळ्यांनीच जायचं ठरवतोय, पत्नी राजीनामा देईल. एनआरआय झाल्यावर मेडिकलची सीट सहज मिळते असं ऐकलं. मुलीने तिथे कोणत्या शाळेत अकरावी करावी? खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर: शाळेचं नंतर बघू. तुमचा तक्ता दोनदा वाचला. त्यात विमानाची तिकिटं आहेत, गृहकर्जाचा हप्ता आहे, आईच्या औषधांचे पैसेही आहेत. ताईंचा पगार मात्र कुठेच नाही. दर महिन्याला घरात येणारी एवढी रक्कम बंद होणार, पण ती वजा करायचं तुम्हाला सुचलं नाही. पत्रातही त्यांच्याबद्दल एवढंच, की ‘पत्नी राजीनामा देईल’. त्या स्वतः काय म्हणाल्या? विचारलंत का त्यांना?

कायम नोकरी सोडायला एक सही पुरते. परत यायचं म्हटलं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, वयाची अट, सगळं पहिल्यापासून. दुबईत त्या तुमच्या व्हिसावर राहतील, आणि तुमचा व्हिसा कंपनीवर अवलंबून असेल. नोकरी गेली तर थोड्या मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर तिघांनीही परत या. तसं झालं तर घर कुणाच्या पगारावर चालणार? नुसत्या डी.एड.वर तिथल्या शाळेत नोकरी मिळणंही कठीण आहे. राजीनाम्याआधी बिनपगारी असाधारण रजा मिळते का, याची शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी ताईंनी स्वतः करावी.

१४,००० गुणिले २३ करून तुम्ही ३,२२,००० रुपये लिहिलेत. पगारावर तिथे आयकर नाही, हे खरं. पण भाडं, किराणा, शाळेची फी सगळं दिरहममध्येच जाणार. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे मोजके चेक आधीच द्यावे लागतात. वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन आणि वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी, जी वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते. पीएफ नाही. ग्रॅच्युइटी आहे, पण ती फक्त मूळ पगारावर. म्हणून ऑफर लेटरमध्ये मूळ पगार किती दाखवलाय ते आधी बघा.

आता मेडिकलचं. एनआरआय झालं की सीट सहज मिळते, हा समज तुमच्या मुलीला फार महागात पडेल. आपल्या राज्यात एनआरआय कोटा खासगी कॉलेजांत असतो. तिथेही ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते आणि फी नेहमीच्या सीटच्या कित्येक पट असते. उलट मिरजेसारख्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागतात. खासगी नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांच्या मुलांना यात सवलत नाही. म्हणजे बारावी दुबईत केली की घराजवळच्या त्या जागांवरचा तिचा हक्क गेला. उरतो तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, आणि तिथे स्पर्धा साऱ्या देशाशी. शिवाय आपल्या बोर्डाचा दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो, तर तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. नीटच्या तयारीची सुरुवातच मागे पडून होईल.

इंजिनिअरिंग करायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. आखाती देशांत काम करणाऱ्यांच्या मुलांना एनआयटीत ‘डासा’ या परदेशस्थांसाठीच्या प्रवेश योजनेमार्फत वेगळ्या जागा आहेत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मुलीने अकरावी-बारावी इथेच करावी, सांगलीत किंवा मिरजेत. जायचंच असेल तर तुम्ही एकट्याने जा. वर्षभर राहा, खरोखर किती शिल्लक पडते ते बघा, कंपनी कशी आहे ते कळू द्या. वर्षभर घर एकट्या ताईंवर पडेल, तेही सोपं नाही. त्यामुळे त्यांचा होकार मिळाल्याशिवाय कंपनीला कळवू नका.

आणि सही करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: कुटुंबाचा आरोग्य विमा कोण भरणार, वर्षातून किती वेळा घरी यायचं तिकीट मिळणार, आणि नोटीस पीरियड किती.