लग्नखर्चातला दंड

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीत दोन फायली होत्या. एकीत डॉक्टरांचे कागद, दुसरीत कादंबरीची एकशेचाळीस पानं. टेबलावर आधी आली ती डॉक्टरांची.

"माझं डोकं तपासायचंय," म्हणाल्या. "लिहायला बसलं की शब्द सापडत नाहीत. सहा महिने सातव्या प्रकरणात अडकलेय. या वयात हे खूळ घ्यायलाच नको होतं."

वय त्र्याहत्तर. बडोद्यातच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) रावपुऱ्यातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, सगळ्या जुन्या मोडी लिपीत. काकूंनी सत्तराव्या वर्षी मोडीचा वर्ग लावला, वह्या वाचल्या आणि घराण्यावर कादंबरी लिहायला घेतली.

साठी-सत्तरीनंतर लिहू लागलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न असतो: आता जमत नाही, म्हणजे डोकं चालेनासं झालं का? आत्मचरित्र लिहिणारे सहसा हे विचारत नाहीत. त्यांना स्वतःचं सगळं लख्ख आठवतं. घरातल्या मेलेल्या माणसांवर कादंबरी लिहिणारे हमखास विचारतात.

प्रश्न हसण्यावारी मात्र नेऊ नये. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, झोप नीट नसेल किंवा मन खचलेलं असेल, तरी विसरायला होतं. काकूंच्या तपासण्या झालेल्या होत्या, ठीक होत्या. स्मरणशक्तीच्या चाचणीतही काळजीचं काही दिसलं नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, पैशाच्या हिशेबात घोळ होणं, यातलं काही त्यांना होत नव्हतं. उलट शंभरावर वर्षांपूर्वीच्या पंगतीला किती तूप लागलं ते तोंडपाठ होतं. शब्द जिभेवर येऊन अडकतो, थोड्या वेळाने सुटतो, इतकं या वयात चालायचंच.

मग मी दुसरी फाईल मागितली आणि सातवं प्रकरण मोठ्याने वाचायला सांगितलं.

प्रकरण आत्याच्या लग्नाचं. आत्या म्हणजे काकूंच्या वडिलांची थोरली बहीण. बाराव्या-तेराव्या वर्षी प्लेगने नवरा गेला, आणि पुढची साठेक वर्षं तिने भावाच्या घरी पापड लाटत काढली. काकू तिच्या मांडीवर वाढल्या. वाचताना मांडव उभा राहिला, वाजंत्री आली, केळीची पानं आली, आणि काकू थांबल्या. पुढचं पान कोरं.

"पुढे काय आहे?"

त्यांनी मोबाईलवर वहीच्या पानाचा फोटो दाखवला. साल १९०७. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. काकूंनी बोटाने एकेक नोंद वाचून दाखवली: मांडव, वाजंत्री, पानं, दंड, गुरुजींची दक्षिणा. 'दंड' त्याच रेघेला टांगलेला. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही.

बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ सालीच बालविवाह प्रतिबंधक कायदा आणला होता. मुलगी बारा वर्षांची हवी, मुलगा सोळाचा. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा व्हायला १९२९ उजाडलं, म्हणजे महाराज पंचवीस वर्षं पुढे. पण पुष्कळांनी सरळ दंड भरून लग्नं उरकली. काकूंचे आजोबा हुजूर कचेरीत कारकून, घराण्यात 'सुधारक' म्हणून ख्याती, दादांच्या, म्हणजे काकूंच्या थोरल्या भावाच्या, दिवाणखान्यात अजून त्यांचा हार घातलेला फोटो. आणि त्यांनीच दहा वर्षांच्या लेकीचा दंड लग्नखर्चात मांडला होता.

"दादाला कळलं तर म्हणेल, आजोबांची अब्रू चव्हाट्यावर आणलीस."

शब्द कुठे हरवत होते ते आता दिसलं. पण पुढची चूक माझी. मी ठेवणीतला उपाय काढला: आत्याला एक पत्र लिहा, पाठवायचं नाही, मनातलं सगळं लिहा. पुढच्या खेपेला काकू अर्धं पान घेऊन आल्या. त्यावर एकच वाक्य होतं. "आत्याला वाचता येत नव्हतं."

मी गप्प. इतिहासाच्या बाईंनीच मला समजावलं. संस्थानभर सक्तीचं शिक्षण झालं १९०६ साली, आणि मुलींना सक्ती फक्त सात ते दहा वर्षांपर्यंत. आत्या तेव्हा नऊची. वर्षभर कशीबशी गेली असेल-नसेल, मग लग्न.

पत्र बाजूला ठेवलं. त्याऐवजी एक साधं काम दिलं. लिहून झालेल्या सहा प्रकरणांत वहीतून आलेलं निळ्या शाईने अधोरेखित करायचं, घरात ऐकलेलं हिरव्या, आणि स्वतः रचलेलं पेन्सिलने.

दोन आठवड्यांनी काकू आल्या त्या जरा चिडूनच. "अगं, सुधारक आजोबा सगळेच्या सगळे पेन्सिलीत निघाले!" मित्रांपुढे स्त्रीशिक्षणावर बोलणारे, पणजीशी वाद घालणारे आजोबा. वहीत त्यांचा मागमूस नव्हता, घरच्या आठवणींतही फक्त 'सुधारक होते' एवढा शब्द. बाकी सगळं काकूंनी रचलेलं. आणि या रचलेल्या आजोबांना वहीतला दंड भरता येईना, म्हणून लेखणी थांबली होती.

"मग हे खोटं झालं का?" असं त्यांनी विचारलं. माझं मत असं: दंड वहीत आहे, तो पुसायचा नाही. तो का भरला हे वहीत नाही, तिथे कादंबरीकाराला मोकळं रान आहे. पणजीने अन्न सोडलं असेल, जातीत वाळीत पडायची धास्ती असेल, चांगलं स्थळ हातचं जाईल असं वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल. घरच्यांना दुखवायचं नसेल तर नावं बदलावीत, गाव बदलावं. दंडच गाळला तर आत्याही गळते. दादांना छापील पुस्तक हातात देण्यापेक्षा कच्चं प्रकरण आधी द्यावं, असंही सुचवलं. ते काकूंना मुळीच आवडलं नाही.

प्रकरण मात्र तीन आठवड्यांत झालं. मला वाचून दाखवलं त्यात भाषण नव्हतं. रात्री पाहुणे निजल्यावर आजोबा कंदिलाशी हिशेब लिहायला बसतात. पाच नोंदी. चौथ्या नोंदीला बोरू दौतीत दोनदा बुडवतात. शेजारी मुंडावळ्या न सोडताच नवरी झोपलेली.

ते दादांकडे गेलं. ऐंशी वर्षांचे दादा आठ दिवस बोलले नाहीत. काकूंनी मला दोनदा फोन केला. मी काय सांगणार, वाट बघा म्हटलं. नवव्या दिवशी दादाच आले. प्रकरणाच्या कागदावर एका ठिकाणी लाल खूण होती.

"आजोबा बोरूने लिहीत नसत," म्हणाले. "टाकाने. मी सहा वर्षांचा होतो, टाक मीच पुसून द्यायचो. आणि लिहिताना चष्मा कपाळावर चढवायचे, तेवढं घाल."

काकूंनी आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी हिरवी शाई शोधायला पिशवी उघडली.