‘बहुतेक’ खोडू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

यावलच्या रानातल्या तुझ्या वहीचे फोटो काल मोबाइलवर मोठे करकरून पाहिले. ‘सकाळी ८.१०. वनपिंगळा. बहुतेक.’ आणि ते ‘बहुतेक’ निळ्या शाईनं दोनदा खोडलेलं. पक्षी कोणता होता हे मी इथे खुर्चीत बसून सांगणार नाही. त्या खोडलेल्या शब्दाविषयी मात्र बोलायचंय.

सालिम अलींच्या चिमणीची गोष्ट तुला पाठ असेल, ती सोडून देऊ. वनपिंगळ्याचीच सांगतो, या दुर्मिळ छोट्या घुबडाची. १८७२ साली ब्लेविट नावाच्या साहेबाला आजच्या छत्तीसगडमध्ये हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूमनं त्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव दिलं. ह्यूम म्हणजे शाळेत काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटतो तोच. सिमल्याच्या घरी या गृहस्थाची कित्येक वर्षांची हस्तलिखितं नोकरानं रद्दीत विकली. तो इतका खचला की पक्ष्यांचा नादच सोडला, आणि १८८५ साली ८२ हजार नमुन्यांचा संग्रह देवदारच्या पेट्यांत भरून मुंबईमार्गे लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. (तुझ्या आईला सांग, वह्या रद्दीवाल्याला द्यायच्या नाहीत.)

त्यानंतरचे जवळपास सगळे वनपिंगळे आपल्या खानदेशातले. जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी इथे नोकरीला होता, त्यानं शहाद्याकडे काही नमुने गोळा केले. शेवटचा १८८४चा. जगभरात मिळून सात कातडी, संपलं.

अशी पक्ष्यांची कातडी मी हातात घेऊन पाहिली आहेत. आत कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस, पंख अंगाला चिकटवलेले आणि पायाला दोऱ्यानं बांधलेली बोटभर चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, कोणी मिळवला. पक्षी त्या चिठ्ठीमुळे कामाचा. दोरा तुटला की उरतं ते पिसांचं बोचकं.

आता खरी गंमत. कर्नल माइनर्टझागेन या बड्या माणसाच्या संग्रहात एक वनपिंगळा निघाला. चिठ्ठीवर १९१४, गुजरातेतलं मांडवी. म्हणजे १८८४नंतरही पक्षी होता, आणि गुजरातेत होता, असं सगळे धरून चालले. कोण शंका घेणार? हाच कर्नल १९३७ साली सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानात पक्षी बघत हिंडलेला. पुढे पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ते कातडं नीट तपासलं, क्षकिरणांखालीही घातलं. वरचा पेंढा कर्नलचा, पण आतली भरायची पद्धत डेव्हिडसनची! संग्रहालयातून चोरलेला खानदेशी पिंगळा उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता.

मांडवी बाद झाली. मग बाई आणि त्यांचे दोन सोबती जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं शोधत निघाले. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर उन्हात तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. डेव्हिडसननं ‘शहादे’ लिहिलं ते खरं होतं, एवढ्यावर तो सापडला. पुढे तो मेळघाटात दिसला, २०१४ला तर ठाणे जिल्ह्यातल्या तानसात.

आमच्याकडे लहानपणी भल्या पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा जोशी यायचा. पक्षी पिंगळा आणि हाही पिंगळा, कारण पक्ष्याची बोली आपल्याला कळते असा त्याचा दावा. अंगणातल्या झाडावर किर्रर्र झालं की हा घराचं भविष्य सांगायचा, छातीठोक. ‘बहुतेक’ त्याच्या तोंडी कधी आलं नाही, त्याच्या धंद्याला ते परवडणारं नव्हतं. आजी तर पिंगळ्याला दगड मारू द्यायची नाही. तो म्हणे दगड उचलून नदीत टाकतो आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. थोतांड आहे, पण त्या भीतीनं आमच्या गावातले पिंगळे गलोलीतून वाचले. याच भीतीपायी दिवाळीच्या अमावास्येला तंत्रमंत्रासाठी घुबडं मारतात, तेही खरं. म्हणून वस्तीवर कोणी पक्ष्याबद्दल काही सांगितलं तर हसू नकोस. नाव जसं उच्चारलं तसंच उतरवून घे, शुद्ध करू नकोस.

आणि लबाडी करायला कर्नलच व्हावं लागतं असं नाही. मी तिशीत भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) मोजायला गेलो होतो. वारा होता, थवा हलत होता, मोजणी अर्धवट राहिली. परतीच्या एस.टी.त बसून मी ‘४००’ लिहिलं. दोन वर्षांनी तो आकडा एका लेखात दिसला, ‘किमान ४००’ असा. ‘किमान’ कोणी घातलं कोण जाणे. ‘अंदाजे’ मी घातलं नव्हतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. अजून चुटपुट लागते.

तेव्हा ते पान फाडू नकोस, नवं लिहू नकोस. खोडलेल्यावर पुन्हा ‘बहुतेक’ लिही आणि बाजूला आजची तारीख टाक. मग आठवून सांग: डोकं एकसारखं तपकिरी होतं, की पांढरे ठिपके होते? ठिपके ठसठशीत असतील तर तो आपला रोजचा पिंगळा. डोक्यापासून अंगभर बारीक पट्टे असतील तर तिसराच कोणी. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे पाहिलेस का? पायांवर पिसं? एवढ्या उन्हात बसला होता ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे, पण रोजचा पिंगळाही सकाळी ऊन खात बसतो. आणि आठवत नसेल तर ‘पाहिलं नाही’ असं लिही. पंधरा मिनिटांनी मोबाइलवर चित्र बघून जे ‘आठवलं’, ते वेगळ्या शाईनं. आणि नावासमोर शास्त्रीय नाव टाकायची सवय लाव, कारण वर्तमानपत्रं याला कधी वनपिंगळा म्हणतात, कधी रानपिंगळा, आणि दहा वर्षांनी तुझं तुलाच कळणार नाही.

झाड कोणतं होतं तेही लिहिलेलं नाहीस. साग होता का? डिसेंबरात गुडघ्यानं परवानगी दिली तर मी येतो, तेच झाड दाखव. सकाळी सातच्या आत पोचू.

तुझा,
सर