विमान झपाट्याने खाली आणताना त्याचा वेगही त्याच वेळी कमी करणे कठीण का असते?

उंची आणि वेग ही विमानाच्या एकाच ऊर्जेची दोन रूपे असल्यामुळे, इंजिने किमान शक्तीवर असताना नाक खाली केले की उतरण्याचा दर वाढतो पण वेगही वाढतो, आणि नाक उचलले की वेग घटतो पण उतरणे मंदावते. जादा ऊर्जा अखेर हवेच्या रोधातच खर्च करावी लागते, आणि आधुनिक जेट विमानांचा रोध फारच कमी असतो.

म्हणून विमानतळापासून किती अंतरावर उतरायला सुरुवात करायची, याचा हिशेब आधीच केला जातो. ढोबळमानाने दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल धरतात. म्हणजे ३५,००० फुटांवरून सुमारे १०५ मैल, शिवाय वेग कमी करण्यासाठी काही मैल अधिक, आणि वारा पाठीमागून असेल तर आणखी थोडे. तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीसापेक्ष वेगाच्या नॉटमधील (म्हणजे तासाला सागरी मैल) आकड्याला पाचाने गुणले की दर मिनिटाला किती फूट उतरावे ते कळते: १४० नॉटला ७००.

तरीही विमान उंच राहिलेच, तर रोध वाढवण्यासाठी पंखांवरील स्पीडब्रेक नावाच्या झडपा उघडतात. गंमत अशी की रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते अधिक वेगातच जास्त परिणामकारक ठरतात. मात्र अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असल्यामुळे तेथे हा उपाय तोकडा पडतो. मग चाके लवकर बाहेर काढणे किंवा हवाई वाहतूक नियंत्रकाकडे लांबचा मार्ग मागणे, हेच माझ्या मते शहाणपणाचे.