नवीन संशोधन आलं म्हणून चालू गोळी बंद करायची का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं: तळोद्याला बहिणीचा चौदा वर्षांचा मुलगा एसएस आहे, म्हणजे त्याला आईवडील दोघांकडून सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार) आला आहे, आणि सरकारी दवाखान्यातली हायड्रॉक्सियुरिया ही त्यावरची गोळी चालू आहे. 'जनुकाची कात्री सापडली, सिकलसेल संपला' हा मेसेज फिरल्यापासून घरात गोळी थांबवायची भाषा सुरू झाली आहे. त्याच्या धाकट्या बहिणीची सिकलसेल तपासणी आश्रमशाळेच्या शिबिरात पॉझिटिव्ह आली. शिवाय कॉम्प्युटरने प्रथिनांचे आकार शोधले म्हणजे औषधं लवकर येतील का, आणि मशीनच एक्स-रे वाचून टीबी सांगत असेल तर थुंकी कशाला द्यायची, हेही तुम्ही विचारलंत.

गोळी थांबवू नका. बहिणीला आजच फोन करून सांगा.

बातमी मात्र खरी आहे. कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पाठोपाठ डिसेंबरात मंजुरी दिली, बारा वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. तो ज्या क्रिस्पर तंत्रावर, म्हणजे जनुक कापणाऱ्या त्या कात्रीवर उभा आहे, त्यासाठी शार्पेंतिए आणि डाउडना या शास्त्रज्ञांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातली युक्ती मला फार आवडते. पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि ते लाल पेशीला विळ्याचा आकार घेऊ देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणं जवळजवळ थांबतं, आणि थांबवण्यात बीसीएल११ए नावाच्या जनुकाचा मोठा हात असतो. शास्त्रज्ञांनी सिकलच्या बिघडलेल्या जनुकाला हातच लावला नाही. त्यांनी या थांबवणाऱ्या जनुकाचा लाल पेशींमधला जोर तोडला, की बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर दुखण्याचा तीव्र झटका आला नाही.

पण त्यासाठी काय सोसावं लागतं, ते मेसेजमध्ये नसतं. रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत बदलायच्या, मग केमोथेरपीने मुलाची स्वतःची अस्थिमज्जा रिकामी करायची, बदललेल्या पेशी सोडायच्या आणि कित्येक आठवडे दवाखान्यात काढायचे. पुढे मूलबाळ होण्यावरही केमोचा परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत २०२३ मध्ये किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे साधारण १८ कोटी रुपये. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकसंशोधन संस्थेत सिकलसेलसाठी जनुक बदलण्याच्या तंत्रावर काम चालू आहे आणि ते सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत पोचावं, अशी माझी फार इच्छा आहे. तोवर भाच्याचा आजार काही वाट बघत बसणार नाही.

अशी बातमी आली की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो: संशोधकांनी नेमकं मोजलं काय? सिकलसेलमध्येच याचं मोठं उदाहरण घडलं. व्हॉक्सेलोटर नावाच्या गोळीला अमेरिकेने २०१९ मध्ये मंजुरी दिली, ती हिमोग्लोबिन वाढतं या आधारावर. ते खरोखरच वाढत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने तीच गोळी जगभरातून मागे घेतली, कारण पुढच्या माहितीत घेणाऱ्यांमध्ये दुखण्याचे झटके आणि मृत्यू जास्त दिसले. रिपोर्टमधला आकडा सुधारला होता, पण पेशंटचं दुखणं आणि जीव यांचा हिशोब वेगळाच निघाला.

आता ज्या गोळीला घरचे जुनी म्हणून नाक मुरडताहेत तिच्याकडे बघा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २९९ प्रौढ रुग्ण होते आणि मोजले होते ते थेट दुखण्याचे झटके. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच, न घेणाऱ्यांना साडेचार. हीसुद्धा बाळाचं हिमोग्लोबिनच वाढवते. म्हणजे कात्रीवाल्या उपचाराचा आणि दवाखान्यातल्या कॅप्सूलचा मार्ग एकाच दिशेचा आहे.

भाचीच्या 'पॉझिटिव्ह'लाही हाच प्रश्न लावा. मी बरीच वर्षं धुळे-नंदुरबार भागात रक्ततपासणीचं काम केलं. शिबिरात छोट्या नळीत द्रावण घेऊन त्यात थोडं रक्त टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. साध्या रक्तात द्रावण पारदर्शक राहतं, रेघा स्वच्छ दिसतात. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होऊन रेघा बुजतात. पण ती नळी वाहक (एकाच पालकाकडून जनुक आलेला, स्वतः आजारी नसलेला) आणि आजारी यांतला फरक सांगत नाही. मुलगी एएस (वाहक) आहे की एसएस (आजारी), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी केल्यावरच कळतं. ती तपासणी करून घ्या, त्याआधी तिला आजारी ठरवू नका. एएस निघाली तर औषध लागत नाही. फक्त लग्नाच्या वेळी समोरच्याचीही तपासणी हवी, कारण दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते.

प्रथिनांचं काम अफाट आहे. अल्फाफोल्ड नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज दिले, तो घडवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण तिथे कळला तो आकार. औषध बनवून माणसांवर तपासायला पूर्वीसारखीच वर्षं लागतात.

एक्स-रेचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या टीबीच्या चाळणीसाठी, म्हणजे पुढची तपासणी कोणाची करायची ते निवडण्यासाठी, अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ते छातीच्या चित्रातला संशय मोजतं. जंतू आहे का, त्यावर औषध चालेल का, हे थुंकीतून कळतं. थुंकी द्या.

भाच्याबद्दल थोडं. हायड्रॉक्सियुरियावर असताना ठरल्या वेळी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) झालीच पाहिजे, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. ऊसतोडीला घरचे गुजरातेत जाणार असतील तर तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड बरोबर द्यायला दवाखान्यात आधीच सांगा. आपल्याकडच्या वैशाखात अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो, म्हणून बाटली कायम जवळ हवी. काठी गावच्या होळीला जाऊ द्या, पण रात्रभर नाचताना पाणी आणि मधे विसावा हवाच. ताप १०१ च्या वर गेला किंवा छातीत दुखून दम लागला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

शेवटची सीबीसी कधी झाली आणि त्यात पांढऱ्या पेशी किती होत्या, ते इथे लिहा. मुलाचं वजन आणि रोज किती मिलिग्रॅम चालू आहे, हेही कळवा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगतो.